झाली म्हणून सांगितलेली नोंदणी

माझ्या धाकट्या बहिणीचा अर्ज संस्थेकडं पोचलाच नव्हता, आणि पोचला असं तिला मी सांगितलं होतं. अंदाजानं सांगितलं नव्हतं. माझ्यासमोर पडद्यावर ओळ होती, ओळीत वेळ होती, आणि वेळेपुढं हिरव्या अक्षरात ‘यशस्वी’ लिहिलेलं होतं. ते लिहिणारं सॉफ्टवेअर चालवणं हे माझं काम आहे, आणि कशाला यशस्वी म्हणायचं हे त्याला शिकवलंही मीच होतं.

मी केडगावला राहतो. आधी एकोणीस वर्षं कुरकुंभच्या एका औषध कारखान्याच्या लॅबमध्ये होतो. कारखाना दुसऱ्या मालकाकडं गेला आणि लॅब बंद झाली. मग चव्वेचाळिसाव्या वर्षी कॉम्प्युटरचा कोर्स करून मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत लागलो. आमची कंपनी लोकांच्या वेबसाइटवर पहारा ठेवते. आठवड्यातून दोन दिवस गाडीनं पुण्याला जातो, बाकीचे दिवस घरी, पुढच्या खोलीत टेबल मांडून.

हे काम काय असतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं सॉफ्टवेअर म्हणजे गेटवरचा वॉचमन. साइटवर येणारी प्रत्येक मागणी त्याच्या समोरून आत जाते आणि आतून येणारं प्रत्येक उत्तर त्याच्या समोरून बाहेर पडतं. पण आत काय झालं ते त्याला दिसत नाही. कोणी एकच पासवर्ड शंभर खात्यांवर लावून बघत असेल तर त्यानं चुकलेली लॉगिनं मोजून त्याला अडवायचं. कोणी बसल्या जागी पन्नास खोटी खाती काढत असेल तर झालेल्या नोंदण्या मोजून अडवायचं. म्हणजे लॉगिन झालं की चुकलं, खातं तयार झालं की नाही, हे त्याला कळलं पाहिजे. ते कळायचं साधन एकच, बाहेर पडणारं उत्तर. उत्तरावर तीन आकडी कोड असतो. कुठल्या साइटचा कुठला कोड म्हणजे काम झालं आणि कुठला म्हणजे फसलं, हे प्रत्येक साइटचं वेगळं असतं. ते विचारून, तपासून नियम लिहायचा. नियम चुकीचा असेल तर वॉचमन तक्रार करत नाही. तो चुकीचंच मोजत राहतो, आणि आकडे नेहमीसारखेच नीटनेटके दिसतात.

गेल्या वर्षी दौंडच्या एका संस्थेची साइट आमच्याकडं आली. संस्था बायकांसाठी रुग्णसेवेचा दोन वर्षांचा कोर्स चालवते. राहायची सोय आहे, सोबत एक मूल चालतं, आणि कोर्स झाला की दवाखान्यात काम मिळतं. जागा साठ. बारावीच्या गुणांवर यादी लागते. वयाची अट पस्तीस. त्या वर्षात पस्तीस पूर्ण होणारीला शेवटची संधी.

बहीण त्या डिसेंबरात पस्तीस पूर्ण करणार होती.

ती शिरूरला राहते. नवऱ्यापासून वेगळी झाली त्याला आठ वर्षं झाली. मुलगी नववीत. शिक्रापूरच्या पुढं एका कारखान्यात ती पॅकिंगला होती. सहा वर्षं उभ्या लाइनला काढल्यावर तिला तपासणीच्या टेबलावर बसायची जागा मिळाली होती. कंत्राटी माणसाला अशी जागा सहज मिळत नाही. कोर्सचं मी सांगितलं तेव्हा ती आधी हसली. “ह्या वयात वह्या घेऊन बसू का? पोरगी हसंल मला.” पण दोन दिवसांनी तिनंच फोन केला. बारावीची गुणपत्रिका शोधून काढली होती. सहाशेपैकी तीनशे अडुसष्ट. मी भागाकार केला. एकसष्ट पूर्णांक तेहेतीस. आदल्या वर्षी शेवटची जागा त्रेपन्नला भरली होती.

“आकडा तुझ्या बाजूचा आहे,” मी म्हणालो.

“पयल्यांदाच हाय माझ्या बाजूचं कायतरी,” ती म्हणाली.

नोंदणी सुरू व्हायच्या आठ दिवस आधी मी साइटचे नियम लिहिले. साइट बनवणारा माणूस पुण्यातला, सभ्य, कामात बुडालेला. त्यानं फोनवर सांगितलं, “सर, सोपं आहे. खातं झालं की आम्ही पुढच्या पानावर पाठवतो, म्हणजे तीनशे दोन. नाही झालं तर तोच फॉर्म परत दाखवतो, म्हणजे दोनशे.”

मी त्याच्या शब्दावर नियम लिहिला नाही, तपासून लिहिला. वहीत बारा प्रकारच्या चुका लिहिल्या: नाव रिकामं, मोबाइल नऊ आकडी, गुण सहाशेच्या वर, जन्मतारीख पुढची, आणि असंच. बाराही फॉर्म भरून पाठवले. बाराही वेळा दोनशे आला. मग एक फॉर्म बरोबर भरला. नाव ‘चाचणी एक’, गुण शून्य, मोबाइल माझा. तीनशे दोन आला. तेरापैकी तेरा बरोबर. नियम कायम केला.

नोंदणी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी त्याला विचारलं, “चाचणीची खाती साफ केली का?”

“हो सर, केली.”

मी वहीत त्या ओळीपुढं बरोबरची खूण केली. पाहिलं नाही. लॅबमध्ये एकोणीस वर्षांत मी दुसऱ्याच्या सांगण्यावर खूण केल्याचं मला आठवत नाही. इथं केली, कारण आतलं बघायची मला परवानगी नव्हती आणि मागितली असती तर एक दिवस गेला असता.

आता मोबाइल नंबरचं. आमच्या घरात कागदावरचा मोबाइल नंबर म्हणजे माझा नंबर. आईच्या बँकेच्या पुस्तकावर तो आहे, बायकोच्या गॅसवर तो आहे. बहिणीनं सासर सोडल्यावर तिचं सिमकार्ड तीनदा बदललं, माझा नंबर पंधरा वर्षं एकच, म्हणून तिच्या आधारवर, बँकेत, पोरीच्या शाळेत सगळीकडं माझाच. आजूबाजूच्या गावांत याहून वेगळं नाही. घरात फोन चार असतात, पण कागदावर नंबर कर्त्या माणसाचा. नणंद-भावजया, सासू-सुना, सगळ्या एका नंबरावर. एक नंबर दोन बायकांनी टाकला तर काय होईल, हा प्रकार माझ्या बाराच्या यादीत नव्हता. का नव्हता याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. मला ती चूक वाटलीच नव्हती. आमच्याकडं ती चूक नसतेच.

नोंदणी दहा दिवस होती. तिसऱ्या दिवशी बहिणीला सुट्टी होती. सकाळी अकरा वाजता तिनं फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि त्याच फोनवर फॉर्म भरायला बसली. फॉर्मवर आधारशी जोडलेला नंबर मागितला होता. तिनं माझा टाकला. मला विचारलंही नाही, विचारायचं कारणच नव्हतं.

“दादा, दाबलं. आता लॉगिनचं पान आलंय.”

“मग झालं की. खातं तयार झालं की लॉगिन येतं.”

“पण झालं आसं कुठं लिहिलं न्हाई.”

“वर काहीतरी आलं असेल.”

“वर लाल पट्टी आल्ती इंग्रजीत. वाचायच्या आत गेली.”

लाल पट्टी म्हटल्यावर मी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, “तू लॉगिन करून बघ.”

तिनं केलं. मोबाइल किंवा पासवर्ड चुकीचा असं मराठीत आलं.

“आत्ता टाकलेलाच पासवर्ड टाकलास ना?”

“व्हय. हितं पोरीच्या वहीवर लिहून ठिवलाय.”

दुसऱ्यांदा चुकलं. तिसऱ्यांदा चुकलं.

“थांब आता,” मी म्हणालो. “पाच वेळा चुकलं की एक दिवस बंद करायचा नियम आहे.”

“कुणी केला नियम?”

“मीच.”

“मग बहिणीपुरता काढ की. येवढी वॉचमनगिरी घरच्यांवर?”

आम्ही दोघंही हसलो. मग मी जे करायला नको ते केलं. दुसऱ्याच्या साइटवरची आमच्या घरची ओळ मी उघडून पाहिली. अकरा बेचाळीस, नंबराचे शेवटचे चार आकडे माझे, कोड तीनशे दोन, नोंदणी यशस्वी. खाली तीन लाल ओळी, लॉगिन अयशस्वी. त्या चारांत खालच्या तीन खऱ्या होत्या.

“झालंय,” मी म्हणालो. “माझ्यासमोर दिसतंय. तीनशे दोन आलाय.”

“तीनशे दोन? खुनाचं कलम हाय की ते!”

“कोड आहे तो. खातं झाल्याशिवाय येत नाही.”

“मग लॉगिन का व्हईना?”

“पासवर्डात कॅपिटल अक्षर पडलं असेल. ते नंतर बदलता येतं. नोंदणी महत्त्वाची, ती झाली. आता हात लावू नको.”

“पक्कं ना दादा? माझं नाव मला कुठंच दिसलं न्हाई.”

“नाव दिसायची गरज नाही. मी बघतोय ना.”

पासवर्ड तेव्हाच बदलायला लावला असता तर माझ्या नंबरावरचं, साफ न झालेलं ‘चाचणी एक’चं खातं उघडलं असतं आणि सात दिवस हातात होते. नोंदणी झाल्यावर मोबाइलवर अर्जक्रमांकाचा मेसेज यायचा होता. दुपारी जेवताना बायकोनं विचारलं, “मेसेज आला का ताईंचा?” मी म्हणालो, उशिरा येतात, कालही लोकांना उशिरा आले होते. ते खरं होतं. संध्याकाळीही आला नाही. मग माझ्या डोक्यातून गेलं. माझ्याकडं ओळ होती, तिच्यापुढं मेसेजचं काय.

आठ दिवसांनी बहिणीनं विचारलं, काम सोडायचं कळवू का? कंत्राटदाराला महिनाभर आधी सांगावं लागतं. मी हिशेब केला. साठ जागा, आदल्या वर्षीचा शेवटचा आकडा त्रेपन्न, हिचे एकसष्ट. गुण एका वर्षात आठ टक्क्यांनी चढत नाहीत. मी म्हणालो, कळव. तिनं कळवलं. तिच्या टेबलावर महिन्याच्या आतच दुसरी बसली.

यादी लागली ती दुपारी तीनच्या सुमारास. संस्थेनं सगळ्यांची यादी लावली होती, गुणांच्या क्रमानं, नाव आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे. साठावी जागा चोपन्न पूर्णांक सतराला भरली. एकसष्ट टक्क्यांच्या आसपास मी पाच वेळा खालीवर गेलो. मग शेवटपर्यंत गेलो. तीनशे एकाहत्तरावा क्रमांक, नाव ‘चाचणी एक’, गुण शून्य, शेवटचे चार आकडे माझे.

काय झालंय ते मला तिथंच कळलं. तरी मी तपासून पाहिलं, सवय आहे. वेगळा फॉर्म भरून तोच नंबर दुसऱ्यांदा टाकला. नोंदणी संपली होती, पण साइटची चाचणीची प्रत चालू होती. नंबर आधी वापरलेला असेल तर साइट तोच फॉर्म परत दाखवत नव्हती. लॉगिनच्या पानावर पाठवत होती. लाल पट्टीत इंग्रजीत तीन सेकंद लिहून येत होतं की या नंबराचं खातं आहे, लॉगिन करा. पाठवत होती, म्हणून कोड तीनशे दोन. खातं झालं तरी तीनशे दोन, नंबर आधीच असला तरी तीनशे दोन. माझा वॉचमन दोन्हीला यशस्वी म्हणत होता.

मग दहा दिवसांच्या ओळी मोजल्या. आमच्याकडं यशस्वी नोंदण्या चारशे सतरा. संस्थेकडं ‘चाचणी एक’ सोडून खाती तीनशे सत्तर. फरक सत्तेचाळीस. संस्थेला खात्यांचा आकडा रोज विचारला असता तर हा फरक तेव्हाच दिसला असता, पण दोन आकडे शेजारी ठेवायला मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी ठेवले नाहीत. सत्तेचाळीस ओळींत नंबर एक्केचाळीस, काही दोनदा आलेले. त्यातला एक माझा. उरलेले चाळीस. त्यातल्या काही जणींनी स्वतःचाच फॉर्म पुन्हा दाबला असेल, त्यांचं काही बिघडलं नाही. काही घरांत वहिनीची नोंदणी आधी झाली असेल आणि नणंदेची गेली असेल. आमच्याकडं नावं नसतात, चार आकडे असतात. किती जणी गेल्या ते काढायला माझ्याकडं काही साधन नव्हतं, अजूनही नाही.

साइटवाल्याला फोन केला. तो मग म्हणाला, “सर, मी चाचणीच्या प्रतीतली खाती साफ केली. तुम्ही मूळ साइटवर केलं होतं का?” मी मूळ साइटवर केलं होतं. पत्ता त्यानंच दिला होता. ते मी त्याला सांगितलं नाही, त्यानं काही बदलणार नव्हतं.

नियम मी त्याच दिवशी दुरुस्त केला. नुसता कोड बघायचा नाही, कुठल्या पानावर पाठवलंय तेही बघायचं; अर्जक्रमांकाच्या पानावर पाठवलं असेल तरच यशस्वी. दुरुस्तीला चार मिनिटं लागली. कंपनीतल्या साहेबांना लेखी कळवलं. त्यांचं उत्तर आलं, “चांगलं पकडलंत.”

बहिणीला मी फोनवर सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी चौफुल्याहून न्हावऱ्यामार्गे एसटीनं शिरूरला गेलो. तिनं यादी पाहिली होती. मी सगळं सांगितलं, आता लिहिलं तसंच, क्रमानं. ती शेवटी म्हणाली, “म्हंजी मी म्हणत व्हते ते बरोबर व्हतं. नाव न्हवतंच.”

“हो.”

“मग आता?”

“संस्थेत जातो. चूक आमची आहे, तुझी नाही, हे दाखवतो.”

कागद काढले. दहा दिवसांच्या ओळी, बहिणीची ओळ अधोरेखित, एक्केचाळीस नंबरांचा तक्ता, काय चुकलं त्याचं एक पानी टिपण. दौंडला संस्थेच्या कार्यालयात प्रवेशाचं बघणाऱ्या बाई साठीच्या आतल्या, चष्मा कपाळावर ठेवून बोलणाऱ्या. त्यांनी सगळं नीट वाचलं. बहीण माझ्या शेजारी बसली होती, गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत धरून.

“म्हणजे ह्यांचा अर्ज आमच्याकडं आलाच नाही,” बाई म्हणाल्या.

“साइटनं परत पाठवला. ह्यांना ते कळलं नाही, कारण मी झालं म्हणून सांगितलं.”

“अर्ज केला होता याचा पुरावा?”

मी ओळ दाखवली.

“ह्यात तर यशस्वी लिहिलंय.”

“ते चुकीचं लिहिलंय.”

“दादासाहेब, तुम्हीच सांगताय हा कागद खोटा, आणि त्याच कागदावर मी ह्यांना घ्यावं म्हणताय.”

त्या म्हणाल्या ते बरोबर होतं. ती ओळ एवढंच सांगत होती की माझ्या नंबरानं अकरा बेचाळीसला काहीतरी पाठवलं. काय पाठवलं, कुणाच्या नावानं, ते तिच्यात नव्हतं.

बाईंनी बहिणीकडं पाहिलं. गुणपत्रिका मागून घेतली, वाचली, परत दिली. मग चष्मा डोळ्यांवर ओढून म्हणाल्या, “यादीतल्या दोघी आलेल्या नाहीत. सोमवारपर्यंत त्या जागा माझ्या हातात आहेत. तुम्ही कंपनीच्या कागदावर एवढंच लिहून द्या, की आमच्या नोंदीप्रमाणं ह्यांची नोंदणी यशस्वी झाली होती. तो चुकीचा-बिकीचा तक्ता जोडू नका. आमच्याकडून खातं गहाळ झालं असं मी वर सांगते. साइटवाल्याला काय विचारायचं ते आम्ही विचारू.”

बहीण माझ्याकडं बघायला लागली.

मी विचार करायला वेळ मागितला. बाहेर आलो. चहाच्या टपरीपाशी उभे राहिलो तेव्हा ती म्हणाली, “दिशील ना लिहून?”

मी सांगितलं की त्या कागदाचा अर्थ असा होईल, की वॉचमन बरोबर आणि साइटनं खातं हरवलं. ते घडलेलं नाही. साइटवाल्याचं काम जाईल, आणि ज्या चुकीसाठी जाईल ती त्यानं केलेली नाही. ती माझी आहे. शिवाय तोच कागद चाळीस नंबरांना लागू होतो. त्यांना कुठं द्यायचा? जागा दोनच आहेत.

“मला त्यातली एकच पायजे.”

“मला माहितीय.”

“खोटं तर तुझ्या मशिननं आधीच लिवलंय, दादा. तुला नुसती सही करायचीय.”

तिनं हे आवाज न चढवता सांगितलं. मी रविवारी दिवसभर तो कागद लिहायला बसलो. दोन ओळींचा मजकूर होता. पहिली ओळ खरी होती, आमच्या नोंदीत तसं आहे. ती वाचून समोरच्याला जे वाटणार होतं ते खरं नव्हतं. बायको म्हणाली, “एकदा द्या लिहून. कोण मरतंय त्यानं?” मी सोमवारी बाईंना तक्त्यासकट, टिपणासकट कागद दिला, घडलं तसं लिहून. त्यांनी वरचं पान वाचलं आणि खाली ठेवलं. “असं दिल्यावर मला काही करता येत नाही,” म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. दोन्ही जागा एकसष्टाव्या आणि बासष्टाव्या क्रमांकाला गेल्या, म्हणजे नियमानं जायच्या तिथंच. त्या दोघींचे गुण बहिणीपेक्षा कमी होते.

मी बरोबर केलं असं मला तेव्हा वाटलं होतं. आता तसंही वाटत नाही आणि उलटही वाटत नाही. साइटवाल्याला यातलं काही कळलं नाही. त्यानं मला दिवाळीला शुभेच्छांचा मेसेज पाठवला.

बहिणीला कंत्राटदाराकडं परत जावं लागलं. ती म्हणाली, तू बरोबर चल, मी कुठं गेले नव्हते हे तरी सांग त्यांना. शिक्रापूरला गेटबाहेर कंत्राटदाराचा माणूस मोटारसायकलवर बसूनच बोलला.

“ताई, तुम्ही तर नर्स होणार होता? आम्ही इंजेक्शनला तुमच्याकडं यायचं ठरवलं होतं.”

“न्हाई झालं.”

“का? नापास?”

ती माझ्याकडं वळली. मी म्हणालो, “नोंदणीत घोळ झाला. तिची चूक नव्हती.”

“चूक कोणाची का असंना, साहेब, टेबल भरलंय. उभ्या लाइनला जागा आहे, उद्यापासून या. पण नवीन म्हणून.”

ती नवीन म्हणून लागली. सहा वर्षांनी मिळालेलं टेबल परत मिळायला सहा वर्षं लागतील असं नाही. मिळेलच असंही नाही.

यंदा संस्थेची नोंदणी पुन्हा झाली. रोज संध्याकाळी संस्थेकडून खात्यांचा आकडा मागवून मी दोन आकडे शेजारी ठेवत होतो. आमच्या यशस्वी नोंदण्या आणि त्यांची खाती, दहाही दिवस एकाला एक जुळले. एका नंबरावर दुसरी बाई आली की आता पान मराठीत सांगतं, आणि दुसरा नंबर टाकेपर्यंत पट्टी हलत नाही. साहेबांनी हाच नियम इतर साइटनाही लावायला सांगितलं. बहिणीला छत्तिसावं चालू आहे.

त्याच आठवड्यात कामासाठी शिरूरला गेलो होतो. तिची दुपारची पाळी होती, स्टँडजवळ कंपनीच्या बसची वाट बघत उभी होती. मी शेजारी उभा राहिलो. पोरीच्या दहावीचं बोललो, आईच्या डोळ्याचं बोललो. मग मी, का कुणास ठाऊक, सांगितलं की यंदा आकडे जुळले.

“बरं झालं,” ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “त्या बाकीच्या बायांना सांगितलं का कुणी? चाळीस का किती म्हणत व्हतास?”

“नाही. माझ्याकडं नुसते चार-चार आकडे आहेत. संस्थेला लिहून दिलं होतं, त्यांनी काही केलं नाही.”

“म्हंजी त्यांना काय वाटत आसंल?”

“नाव नाही म्हणजे गुण कमी पडले, असं वाटत असेल.”

“मग त्या घरी सांगत असतील, प्रयत्न केला, न्हाई बसलं गुणात.”

“तसंच.”

बस लांबून दिसायला लागली. तिनं डब्याची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“मला बी तेवढंच सांगायचं व्हतंस,” ती म्हणाली. “गुण कमी पडले म्हणून. मी पोरीला सांगितलं असतं, आभ्यास कर, माझ्यासारखं करू नको. आता तिला काय सांगू?”

बसमध्ये आधीच आठदहा बायका होत्या. कोणीतरी तिच्यासाठी खिडकीची जागा धरली होती. ती आत जाऊन तिथं बसली, आणि बस शिक्रापूरकडं निघाली.